लैंगिक कल बदलता येतो काय? : एका दाव्याची तपासणी

जानेवारी २०१५ मध्ये पणजी येथे गोवा राज्याचे युवा धोरण जाहीर झाले. त्या वेळचे क्रीडा व युवक व्यवहार मंत्री रमेश तवडकर यांनी पत्रकारांशी बोलताना समलिंगी आणि तृतीयपंथी तरुणांसाठी केंद्रे काढण्याचा मनोदय सांगितला. दारू सोडविणारी केंद्रे असतात त्याच धर्तीवरची ही केंद्रे. तेथे या तरुणांना प्रशिक्षण आणि औषधे देऊन ‘नॉर्मल’ करावयाचे होते. देशभर टीका झाली आणि लगेच, आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असा खुलासा मंत्र्यांनी केला. बातमी चार दिवसांत विरून गेली.

या बातमीत आम्हाला खटकले ते वेगळेच होते. औषध कोणते? ते किती दिवस द्यायचे? आणि गुण आला हे कशावरून ठरवायचे? गावात डासांसाठी धुराची फवारणी करायची म्हटली तरी हे तीन प्रश्न कोणीतरी विचारतेच. येथे टीका करणाऱ्यांनी मंत्र्यांची वृत्ती मागासलेली ठरविली, पाठराखण करणाऱ्यांनी संस्कृती पुढे केली. दाव्याकडे दावा म्हणून फारसे कोणी पाहिले नाही. ‘लैंगिक कल बदलता येतो’ हे विधान नीतीचे नाही, वस्तुस्थितीविषयीचे आहे. ‘हिवतापावर क्विनीन चालते’ या विधानासारखेच ते तपासता येते, आणि गेल्या शंभर वर्षांत ते पुष्कळदा तपासलेही गेले आहे.

तपासण्याआधी शब्द नीट ठरवून घेऊ. लैंगिक कल म्हणजे एखाद्या व्यक्तीला पुरुषांविषयी, स्त्रियांविषयी की दोघांविषयी शारीरिक आणि भावनिक ओढ वाटते तो. ओढ ही एक गोष्ट, प्रत्यक्ष वर्तन ही दुसरी, आणि ‘मी अमुक आहे’ अशी स्वतःला दिलेली ओळख ही तिसरी. तिन्ही एकाच माणसात जुळतीलच असे नाही. ब्रह्मचाऱ्यालाही कल असतो, वर्तन नसते. दोन मुले झालेल्या समलिंगी पुरुषाचे वर्तन एक सांगते, ओढ दुसरे. याखेरीज आपण स्वतःला स्त्री समजतो की पुरुष, हा लिंगभावाचा प्रश्न संपूर्ण निराळा आहे. साडी नेसणारा प्रत्येक पुरुष समलिंगी नसतो आणि बहुतेक समलिंगी पुरुषांना साडी नेसण्याची इच्छाही नसते. मंत्र्यांच्या विधानात ही सगळी सरमिसळ होती. तीच सरमिसळ, पुढे दिसेल त्याप्रमाणे, काही नामवंत संशोधनांतही होती.

परंडा तालुक्यातील शिक्षकांशी बोलण्याचा योग आम्हाला अधूनमधून येतो. भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव श्रद्धांच्या बाबतीतही संपन्न आहे. गावात हंसराज स्वामींचा मठ आहे, ख्वाजा बद्रुद्दीन यांचा दर्गा आहे. तालुक्यातच सीनेच्या काठी डोमगावला समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ आहे, आणि तुळजापूरची भवानी व येरमाळ्याची येडेश्वरी याच जिल्ह्यातल्या. दहावी-बारावीतला एखादा मुलगा ‘तसा’ आहे अशी कुजबुज सुरू झाली की घरच्यांना कोण काय सांगते, असे आम्ही शिक्षकांना विचारले. तीन उत्तरे मिळाली. पहिले : लवकर लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. दुसरे : बाहेरचे काहीतरी आहे, उतरवून आणा. तिसरे, जुन्या बायकांचे : देवीने बोलावले आहे, जाऊ द्या त्याला आराध्यांच्या मेळ्यात.

ही उत्तरे वरवर सारखी वाटतात, पण त्यांच्यामागे तीन वेगवेगळे सिद्धान्त आहेत. पहिल्यात हा कल म्हणजे एक सवय आहे, दुसरी सवय लागली की पहिली सुटेल. दुसऱ्यात ती बाहेरून आलेली बाधा आहे, काढली की माणूस मूळपदावर येईल. तिसऱ्यात बदल शक्यच नाही. देवीच्या इच्छेपुढे माणसाचे काय चालणार? त्या मुलाचे पुढे काय हाल होतात हा प्रश्न बाजूला ठेवला (आणि तो लहान नाही, कारण ज्याला फक्त दुसरा पुरुष आवडतो त्याने कवड्यांची माळ घालून जोगवा का मागावा, याला काही उत्तर नाही), तरी मौज अशी की ‘हे बदलणार नाही’ एवढे अनुमान शाळा न पाहिलेल्या त्या म्हातारीचेच बरोबर होते. मात्र तिने दिलेले कारण तपासता येत नाही, म्हणून त्याला आम्ही ज्ञान म्हणणार नाही.

आता गावाबाहेर पाहू. ‘धर्माला हे मान्य नाही’ असे एका दमात म्हटले जाते. पण नेमके काय मान्य नाही, हे विचारले तर धर्माधर्मांत, आणि एकाच धर्मात काळाकाळांत, मोठी तफावत दिसते. जुन्या धर्मग्रंथांचा रोख बहुधा कृतीवर आहे. मनुस्मृतीत पुरुषाने पुरुषाशी केलेल्या संगाला सचैल स्नानाचे, म्हणजे अंगावरच्या कपड्यांसह स्नान करण्याचे, प्रायश्चित्त आहे. कृती झाली, स्नान केले, विषय संपला. माणसाची प्रकृती बदलण्याची भाषाच तेथे नाही. प्रकृतीचा विचार केला तो वैद्यांनी आणि कामशास्त्रकारांनी. कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’ हा शब्दप्रयोग आहे, तर सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आसेक्य, कुम्भीक असे प्रकार सांगून त्यांतील काहींचे कारण गर्भधारणेच्या वेळच्या मातापित्यांच्या बीजदोषात शोधले आहे. ते कारण आज टिकणारे नाही. पण दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला हा प्रश्न संगतीचा न वाटता जन्माचा वाटला, याची नोंद घ्यायला हवी.

कॅथलिक चर्चने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात समलैंगिकतेचा मानसिक उगम बहुतांशी अज्ञात असल्याचे म्हटले आहे. कृती निषिद्ध, व्यक्तीचा मान राखावा आणि तिने ब्रह्मचर्य पाळावे, अशी ती भूमिका आहे. म्हणजे गोव्यातल्या ज्या चर्चकडे आपण सनातनी म्हणून बोट दाखवतो, त्याची अधिकृत शिकवणसुद्धा कल बदलण्याची हमी देत नाही. अशी हमी दिली ती मुख्यतः अमेरिकेतील काही प्रॉटेस्टंट पंथीयांनी. इराणमध्ये तर तऱ्हाच निराळी. समलिंगी संबंधांना तेथे देहान्तापर्यंत शिक्षा आहे. परंतु १९८० च्या दशकात खोमेनींनी दिलेल्या फतव्यामुळे लिंगबदलाची शस्त्रक्रिया कायदेशीर आहे. परिणामी मन बदलत नाही म्हणून शरीर बदलून घ्या, असा दबाव तेथील काही समलिंगी व्यक्तींवर येतो. एका ठिकाणी शरीर तेच ठेवून मन बदला, दुसऱ्या ठिकाणी मन तेच ठेवून शरीर बदला!

आपल्याकडे डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडसंहितेचे ३७७ वे कलम कायम ठेवले, तेव्हा त्या बाजूने लढलेल्यांत एक ज्योतिषी होते, काही ख्रिस्ती संघटना होत्या आणि मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळही होते. एरवी एका सतरंजीवर न बसणारी ही मंडळी या प्रश्नावर मात्र एकत्र आली. त्याच आठवड्यात रामदेवबाबांनी हा विकार योगाने बरा होतो असे जाहीर केले. मार्च २०१६ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे दत्तात्रेय होसबळे यांनी हा गुन्हा नव्हे, पण मानसिक बाब म्हणून हाताळावी असे म्हटले; तर २०२३ साली सरसंघचालक मोहन भागवत यांनी एका मुलाखतीत जरासंधाच्या दोन सेनापतींचा दाखला देऊन अशी माणसे पूर्वीपासून समाजात आहेत असे सांगितले. गुन्हा, पाप, विकार, मग प्रकृती, असा हा प्रवास आहे. यातले पाप आणि गुन्हा हे शब्द विज्ञानाच्या कक्षेबाहेरचे. ‘विकार’ म्हटले, आणि ‘बरा होतो’ म्हटले, की मात्र तो माणूस आपणहोऊन प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहतो. त्याला पुरावा मागण्यात धर्माचा अपमान नाही.

तर पुरावा पाहू. पहिले प्रयत्न शरीरावर झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास व्हिएन्नाच्या ऑयगेन श्टाइनाख या शरीरशास्त्रज्ञाच्या कल्पनेवरून समलिंगी पुरुषांवर इतर पुरुषांच्या वृषणाच्या ऊतींचे रोपण करण्यात आले. पुरुषी संप्रेरक कमी पडते म्हणून ओढ चुकीच्या दिशेला जाते, हा तर्क. काही उपयोग झाला नाही. १९४४ साली कार्ल व्हेर्नेट या डॅनिश डॉक्टरने बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैद्यांवर संप्रेरकांच्या कुप्या बसवून हाच प्रयोग केला. कैद्यांचा छळ एवढेच त्याचे फलित. संप्रेरकाने इच्छेची तीव्रता कमीअधिक होते, दिशा बदलत नाही. सायकलचा वेग वाढवला म्हणून तिचे हँडल वळत नाही, तसे. संगणकशास्त्राचा एक जनक ॲलन ट्युरिंग याला १९५२ साली इंग्लंडमधील न्यायालयाने तुरुंगाऐवजी स्त्री-संप्रेरकांची इंजेक्शने देऊ केली, तेव्हा दिशा बदलण्याचा आव न आणता इच्छाच मारण्याचा हेतू होता. दोन वर्षांनी तो मरण पावला.

मग पाळी मनाची. १९६० आणि ७० च्या दशकांत घृणानिर्मितीची पद्धत रूढ होती. पुरुषाचे चित्र दाखवायचे आणि त्याच क्षणी विजेचा झटका द्यायचा किंवा ओकारीचे औषध द्यायचे. पावलॉवच्या कुत्र्याचा प्रयोग आपण वर्गात शिकवतो, त्याचेच हे उलटे रूप. हे फक्त पाश्चात्त्य देशांत झाले असे समजू नये. १९८० च्या दशकातील भारतीय मानसोपचाराच्या नियतकालिकांतही वर्तनोपचाराने समलैंगिकतेवर उपचार केल्याचे लेख सापडतात. रुग्णसंख्या थोडी, तुलनेसाठी दुसरा गट नाही, पाठपुरावा अल्पकाळाचा, आणि यशाची कसोटी म्हणजे रुग्णाचे स्वतःचे सांगणे. ज्याने आपल्याला झटके दिले त्याच डॉक्टरला रुग्ण सहा महिन्यांनी काय सांगेल? विज्ञान प्रदर्शनात असा प्रयोग मांडणाऱ्या नववीच्या मुलाला आपण ‘तुझा नियंत्रित गट कुठे आहे’ असे विचारून परत पाठवू.

या दाव्याच्या बाजूने सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांचा. गंमत अशी की डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली त्यात याच स्पिट्झरांचा पुढाकार होता. २००३ साली त्यांनी २०० व्यक्तींच्या दूरध्वनीवरील मुलाखतींवरून लेख लिहिला, की त्यांतील अनेकांचा कल उपचाराने बदललेला दिसतो. जगभर त्याचा डांगोरा पिटला गेला. आता या २०० व्यक्ती मिळाल्या कोठून? पुष्कळशा बदल घडविणाऱ्या धार्मिक संस्थांनी आणि उपचारकांनीच पाठविलेल्या. एखाद्या शिकवणीवर्गाने आपले पास झालेले विद्यार्थी निवडून पुढे करावेत आणि त्यावरून वर्गाचा निकाल काढावा, असला हा प्रकार. जे सोडून गेले, ज्यांना काही फरक पडला नाही, ज्यांनी जीव दिला, ते यादीत येणारच नाहीत. पुढे २०१२ साली स्पिट्झरांनी स्वतःच, आपल्या अभ्यासातून असा निष्कर्ष निघत नव्हता असे मान्य करून समलिंगी समाजाची जाहीर क्षमा मागितली. तोपर्यंत त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. क्षमेच्या बातमीला मूळ लेखाइतकी प्रसिद्धी आपल्याकडे मिळाली नाही.

२००९ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या समितीने १९६० ते २००७ या काळातले ८३ अभ्यास तपासले. बदल घडतो असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, हा तिचा निष्कर्ष. आमच्या मते याहून बोलका पुरावा विरुद्ध बाजूने आला. १९७६ पासून प्रार्थना आणि समुपदेशनाने ‘बदल’ घडविणारी एक्सोडस ही सर्वांत मोठी ख्रिस्ती संघटना. तिचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी २०१२ साली सांगितले, की आपल्याला भेटलेल्यांपैकी जवळजवळ कोणाचाही कल बदललेला नाही. पुढच्या वर्षी संघटनाच बंद झाली. आणि २०१५ साली न्यू जर्सी राज्यातील ज्यूरीने जोना नावाच्या ज्यू संस्थेला दोषी ठरविले ते कोणत्या कायद्याखाली, तर ग्राहक फसवणुकीच्या! पैसे घेऊन जो माल देण्याचे कबूल केले तो माल अस्तित्वातच नव्हता. आपल्या ग्राहक पंचायतीच्या मंडळींनी हा निकाल मुद्दाम वाचावा.

येथे एक शंका येईल. काही माणसे तर सांगतात, की आम्ही बदललो. ती सगळी खोटे बोलतात काय? नाही. येथे डावखुऱ्या मुलांचे उदाहरण उपयोगी पडते. आपल्या शाळांत डावऱ्या मुलाच्या हातावर पट्टी मारून त्याला उजव्या हाताने लिहायला लावण्याची पद्धत होती. डावा हात अशुभ, ही समजूत त्यामागे होतीच. ती मुले उजव्या हाताने लिहू लागली, काहींचे अक्षर सुरेखही झाले. म्हणजे ती उजवी झाली काय? २००२ साली जर्मन संशोधकांनी अशा लहानपणी ‘बदललेल्या’ प्रौढांच्या मेंदूची लिहिताना चित्रणे घेतली. अनेक वर्षे उजव्या हाताने लिहूनही त्यांच्या मेंदूतील कार्याची ठेवण जन्मतः उजव्या माणसांसारखी झालेली नव्हती. डावेपणाच्या खुणा कायम होत्या. वर्तन बदलले, कल राहिला. ‘बदललो’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचे हेच असते. त्यांनी वर्तन आवरले, ओळख बदलली, आणि ओढीविषयी विचारणारा कोणी भेटला नाही. याच कारणाने, लग्न झाले आणि मूल झाले हा उपचार लागू पडल्याचा पुरावा होत नाही.

लग्नाच्या या उपायात आणखी एक दोष आहे, त्याकडे आमच्या मते सर्वांत कमी लक्ष जाते. औषध मुलाला द्यायचे म्हणतात, पण ते औषध म्हणजे एक जिवंत मुलगी असते. तिला कोणी काही सांगितलेले नसते. वैद्यकीय प्रयोगात माहितीपूर्वक संमतीवाचून कोणालाही वापरता येत नाही. येथे वीस-बावीस वर्षांची मुलगी आयुष्यभरासाठी वापरली जाते, आणि गुण आला नाही तर ‘हिला नवरा सांभाळता आला नाही’ असे म्हणायला दोन्ही घरे मोकळी. जिच्याविषयी अशी कुजबुज होते ती मुलगी असेल तर आणखी बिकट, कारण तिला ‘नको’ म्हणण्याचीही सोय नसते.

आता दुसऱ्या बाजूच्या युक्तिवादांनाही तीच कसोटी लावू. ‘हे जनुकांत असते, म्हणून बदलत नाही’ असे पुरोगामी मंडळी हमखास सांगतात. २०१९ साली सायन्स या साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,७७,५२२ व्यक्तींची जनुकीय माहिती तपासली होती. समलैंगिक वर्तनाशी निश्चित संबंध दाखविणारी पाच ठिकाणे सापडली, पण त्यांचा परिणाम अतिशय अल्प. सर्व जनुकीय फरकांची बेरीज केली तरी वर्तनातील फरकाचा ८ ते २५ टक्के भाग समजतो. एका जनुकाचा शोध लागला, असे म्हणण्यात अर्थ नाही. (शिवाय या अभ्यासाने विचारले होते ते, एकदा तरी समलिंगी संबंध आला काय, एवढेच. म्हणजे मोजले वर्तन, आणि चर्चा झाली कलाची. सरमिसळ म्हणालो ती ही.) एकसारख्या जुळ्यांपैकी एक समलिंगी आणि दुसरा नाही, असे वारंवार आढळते.

पण जनुकीय नाही याचा अर्थ संगतीने आले असा होत नाही. जन्म आणि संगत यांच्या मध्ये नऊ महिने असतात. एकाच आईचे जितके थोरले मुलगे, तितकी धाकट्या मुलाची समलिंगी असण्याची शक्यता वाढते, हे १९९६ पासून अनेक देशांत दिसून आले आहे. प्रत्येक थोरल्या भावामागे ही वाढ सुमारे एक तृतीयांश. मुळात शक्यता दोन टक्के धरली तर एका भावानंतर ती पावणेतीनच्या आत राहते. तेव्हा पाच भाऊ असलेल्यांनी घाबरण्याचे कारण नाही. याहून महत्त्वाचा पुरावा एका दुर्मीळ जन्मदोषातून मिळाला. काही मुलगे जननेंद्रियाच्या गंभीर व्यंगासह जन्मतात. पूर्वी डॉक्टर अशा काही मुलग्यांना शस्त्रक्रिया करून मुलगी म्हणून वाढवायला सांगत. नाव मुलीचे, कपडे मुलीचे, संस्कार मुलीचे. अशा ज्या सात व्यक्तींच्या मोठेपणच्या कलाची नोंद मिळते, त्या सातही जणांना ओढ वाटली ती स्त्रियांची. सात ही संख्या लहान आहे, मान्य. पण संगोपनाचा याहून जबर प्रयोग कोणी करू शकणार नाही, आणि करूही नये. ज्या संगोपनाने जन्मापासून कल वळला नाही, तो सोळाव्या वर्षी दोन महिन्यांच्या शिबिराने कसा वळणार?

‘प्राण्यांतही असते’ हा दुसरा आवडता युक्तिवाद. अमेरिकेत मेंढ्यांवर झालेल्या संशोधनात सुमारे ८ टक्के नर केवळ नरांकडेच वळतात असे आढळले आहे. त्यावरून ‘हे निसर्गात नाही’ हे विधान खोटे ठरते, एवढेच. योग्य-अयोग्य काही ठरत नाही. प्राणी पिलेही खातात.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कल प्रत्येकात आयुष्यभर दगडासारखा स्थिर असतो असेही नाही. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी ७९ स्त्रियांचा दहा वर्षे मागोवा घेतला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांनी या काळात आपली ओळख एकदा तरी बदलली. बदलाचे समर्थक हा अभ्यास उचलून धरतात. पण नदी आपणहोऊन पात्र बदलते म्हणून कोणाला फावड्याने ती हवी तिकडे नेता येते, असे होत नाही. काहींमध्ये आपोआप होणारा बदल आणि दुसऱ्याने ठरवून घडविलेला बदल या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याचा पुरावा आहे, दुसऱ्याचा नाही. त्यातून, जनुक सापडो न सापडो, कल थोडाफार सरको न सरको, एखाद्याला छळू नये हे त्यावर अवलंबून नाही. धर्म जन्मजात नसतो आणि बदलता येतो, म्हणून कोणाला मारून धर्म बदलायला लावणे आपण योग्य मानत नाही.

‘निदान नुकसान तरी काय आहे?’ असे पालक विचारतात. नुकसान आहे. अशा उपचारांतून गेलेल्यांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळतात, असे अमेरिकेतील अनेक पाहण्या सांगतात. (अशा पाहण्यांतून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, कारण मुळात अधिक दुःखी असलेलीच मुले उपचाराला नेली जात असतील, पण ‘निरुपद्रवी’ हा दावा तर नक्कीच सिद्ध होत नाही.) बाधा उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, धुरी देणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तेथे तरी शिक्षकाने गप्प बसू नये.

हा विषय शाळेत कशाला, असे काही वाचक म्हणतील. प्राध्यापक र. धों. कर्वे यांनाही हेच विचारले गेले होते. गणिताच्या या प्राध्यापकाला संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली, आणि १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला झाला तो लेखावरून नव्हे, वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्या प्रश्नांत हस्तमैथुन होते तसे समलैंगिक संबंधही होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांना उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. लोक प्रश्न विचारत होते, आणि उत्तर देणाऱ्याला दंड होत होता. परंड्याच्या शिक्षकखोलीत आम्हाला दिसले ते यापेक्षा फार वेगळे नव्हते. दंडाच्या जागी आता मुख्याध्यापकांची नाराजी आणि पालकांची तक्रार आहे.

कायद्याची स्थिती पुष्कळ बदलली आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना ३७७ मधून वगळले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट म्हटले आहे, की समाजात रूढ असलेल्या नैतिक वा धार्मिक समजुतींशी न जुळणे हा मानसिक आजार ठरविण्याचा आधार होऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९० सालीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून बाहेर काढले होते. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे दोन तरुणींचे प्रकरण आले, तेव्हा या विषयाची आपल्याला माहिती नाही असे सांगून त्यांनी निकाल देण्याआधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे बसून तो समजावून घेतला. त्याच प्रकरणातील आदेशांमुळे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळविले, की कल बदलण्याचा ‘उपचार’ करणे हे डॉक्टरच्या दृष्टीने व्यावसायिक गैरवर्तन आहे.

तेव्हा पालकाने ‘सर, याला कुठे नेऊ?’ असे विचारले, तर आज शिक्षकाला इतके निश्चित सांगता येते : बदलण्यासाठी कोठेही नेऊ नका, मुलगा उदास असेल, जेवत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर त्या उदासीसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याला न विचारता घरी सांगू नये, हेही ओघाने आले. परंड्याहून तज्ज्ञ म्हणजे बार्शी किंवा सोलापूर. आयोगाचे पत्र नोंदणीकृत डॉक्टरांना लागू आहे. नोंदणी नसलेले समुपदेशक, योगशिबिरे आणि भगत त्याच्या कक्षेत येत नाहीत. डॉक्टरांचेही सारे आलबेल नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस याच आयोगाने एमबीबीएसचा जो नवा अभ्यासक्रम काढला, त्यात न्यायवैद्यकाच्या भागात स्त्रियांची समलैंगिकता पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’मध्ये घातलेली होती. आरडाओरडा झाल्यावर तो काही दिवसांतच मागे घेऊन सप्टेंबरमध्ये सुधारून काढला. आज दवाखान्यांत बसलेल्या बहुसंख्य डॉक्टरांनी मात्र जुनी पुस्तके वाचूनच परीक्षा दिली आहे. म्हणून मुलाला तेथे पाठविण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः दूरध्वनी करून डॉक्टरांना एवढे विचारून घ्यावे, की तुम्ही उपचार उदासीवर करणार की मुलाच्या कलावर?